उंदराच्या रक्तांतील भांग आणि शेतकऱ्याचा गोठा

आमच्या परिचयाचे शेतकरी अलीकडे भेटले म्हणजे एक प्रश्न हटकून विचारतात. ज्या झाडास इंग्रजींत ‘हेंप’ म्हणतात व ज्याच्या वाखाचे, बियांचे आणि तेलाचे गुण हल्ली फार ऐकूं येतात, तें भांगेचें पीक आपल्याकडे करूं देतील काय? आणि करूं दिल्यास त्याचा पाला व पेंड गुरांस घालावी कीं नाहीं? पहिल्या प्रश्नाचें उत्तर सरकारनें द्यावयाचें आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र बाजारांतही नाहीं आणि कायद्याच्या पुस्तकांतही नाहीं. तें एका लहानशा कांचेच्या बाटलींत, जनावराच्या रक्तांत आहे. तें उत्तर कसें काढतात, व तें काढल्यावांचून आम्हीं भांगेच्या चाऱ्यास हात कां लावूं नये, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘हेंप’ हें नांव इंग्रज लोकांनीं आपल्या तागासही दिलें व अंबाडीसही दिलें. ताग म्हणजे सण, आणि अंबाडीस तर ते दख्खनचा हेंप म्हणतात. या दोहोंत अमलाचा लवलेश नाहीं. त्यांची लागवड करणाऱ्यानें भिण्याचें कारण नाहीं. भांगेचें झाड निराळें. त्याच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यास गांजा, राळेस चरस आणि पानांस भांग म्हणतात. इ. स. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून हें झाड लावणें हा गुन्हा असून त्यास १० वर्षेंपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याच कायद्यांत वाखासाठीं व बियांसाठीं लागवड करूं देण्याची सोय ठेवलेली आहे, आणि उत्तराखंड राज्यानें इ. स. २०१८ मध्यें असे परवाने देण्यास आरंभ केला. तेथें अट अशी कीं, झाडांतील टी. एच. सी. नांवाचें अमली द्रव्य शेंकडा ०·३ हून अधिक असतां कामा नये.

हा ०·३ चा आकडा हल्ली सर्वतोमुखीं झाला आहे, व जणूं काय तो ओलांडला नाहीं म्हणजे झाड निरुपद्रवी ठरलें, अशी समजूत पसरूं लागली आहे. परंतु तो आला कोठून? इ. स. १९७६ मध्यें स्मॉल व क्रॉंक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं भांगेच्या दोन जातींस निराळीं नांवें देतां यावीं म्हणून ही रेघ ओढली. ती झाडांच्या वर्गवारीसाठीं होती. कोणत्या प्राण्याच्या अंगांत किती द्रव्य गेलें असतां काय होतें, याच्याशीं तिचा कांहींएक संबंध नव्हता. पुढें निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनीं ती उचलली, आणि वर्गवारीची रेघ निर्भयतेची रेघ होऊन बसली.

आतां साधा त्रैराशिकाचा हिशेब करूं. शेंकडा ०·३ म्हणजे १ किलो वाळल्या पाल्यांत ३ ग्रॅम, अर्थात् ३,००० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या सरकारी संशोधनसंस्थेनें इ. स. २०२१ मध्यें मनुष्यावरील प्रयोगांसाठीं टी. एच. सी. चें जें प्रमाणभूत एकक ठरविलें तें ५ मिलिग्रॅमचें. म्हणजे कायद्याच्या मर्यादेंत बसणाऱ्या १ किलो पाल्यांत अशीं ६०० एककें असूं शकतात, आणि गाय कांहीं एका किलोवर तृप्त होत नाहीं. यावर जाणकार म्हणतील कीं, हिरव्या झाडांत हें द्रव्य बहुतांशीं आम्लरूपानें असतें, व त्या रूपांत तें अमल करीत नाहीं. उष्णता लागली म्हणजेच त्याचें खरें टी. एच. सी. होतें. हें म्हणणें यथार्थ आहे. परंतु मग गाईच्या पोटांत त्याचें काय होतें? किती पचतें, किती रक्तांत जातें, किती दुधांत उतरतें? पाल्याचा आकडा याविषयीं मुका आहे. बोलेल तें रक्तच.

आकड्यांविषयीं आम्ही इतके चिकित्सक कां, हें सांगणें प्राप्त आहे. आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. पीककापणीच्या प्रयोगांत ज्वारी-बाजरीसारख्या पिकांस १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा आंखून घेतात, त्यांतील कणसें कापून मळून धान्य तोलतात, आणि पुढें तें वाळवून पुन्हां तोलतात. एका खरिपांत पावसानें भिजलेल्या कणसांचें वजन झालें. वाळल्याचें वजन तक्त्यांत आलेंच नाहीं. ओल्याचा आकडा वाळल्याच्या रकान्यांत बसला आणि गांवची पैसेवारी पन्नासाच्या वर गेली. ज्यांस सूट मिळावयाची त्यांस ती मिळाली नाहीं. तो आकडा नकलून पुढें पाठविणारा हात आमचाच होता. आम्हीं बेरीज तपासली होती, ती बरोबर होती; परंतु काय तोललें हें विचारलें नव्हतें. त्या गांवचा एक वृद्ध कुणबी पुढें कचेरींत येऊन आम्हांस एवढेंच म्हणाला, “रावसाहेब, पाण्याचंबी वजन आमच्याच नांवावर मांडलंत.” हे शब्द आम्ही विसरलों नाहीं. तेव्हांपासून कोणताही आकडा समोर आला कीं, काय तोललें, केव्हां तोललें व कोणत्या तराजूनें तोललें, हे तीन प्रश्न आम्ही प्रथम विचारतों. भांगेच्या प्रकरणींही तेच विचारावयाचे आहेत.

भांगेची परीक्षा जनावरांवर करण्याची कल्पना नवी नाहीं, आणि तिचा आरंभ आपल्याच देशांत झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर ओशॉनेसी यांनीं इ. स. १८३९ मध्यें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कुत्रा, मांजर, डुक्कर, गिधाड, कावळा इत्यादि प्राण्यांस भांगेचा अंमल स्पष्ट चढतो, उलट घोडा, हरिण, शेळी, मेंढी, गाय अशा चरणाऱ्या प्राण्यांवर कितीही मात्रा दिली तरी तिचा परिणाम अल्प दिसतो, असें त्यांनीं नमूद केलें. पुढें इ. स. १८९३-९४ मध्यें सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं आयोग नेमला. त्याच्यासाठीं कलकत्त्यास डॉक्टर कनिंगहॅम यांनीं माकडास गांज्याचा धूर देऊन प्रयोग केले. जनावरांच्या औषधांत भांगेचा उपयोग होत असल्याचेंही त्या अहवालांत आलें आहे. हे परीक्षक प्रामाणिक होते. तथापि त्यांच्यापाशीं डोळ्यांवांचून दुसरें माप नव्हतें. जनावर झिंगलें, पेंगलें, अडखळलें, एवढेंच त्यांस दिसे. रक्तांत काय आहे हें पाहण्यास आधीं तें द्रव्य हातीं लागावें लागतें, आणि तें शुद्ध रूपांत वेगळें करून त्याची रचना गाओनी व मेशुलम या इस्रायलांतील शास्त्रज्ञांनीं सांगितली ती इ. स. १९६४ मध्यें.

आज हें मापन कसें होतें तें पाहूं. प्रयोगशाळेंतील पांढऱ्या उंदराचें वजन सुमारें २५० ग्रॅम असतें व त्याच्या अंगांत सारें मिळून १६ मिलिलिटरच्या आसपास रक्त असतें. त्याचा जीव राखून एका वेळीं दशांशाहून अधिक रक्त काढूं नये असा दंडक आहे. म्हणजे दीड मिलिलिटर. लहान जातीच्या २५ ग्रॅमच्या उंदराच्या बाबतींत तर तीन-चार थेंबांवर भागवावें लागतें. हें रक्त गोठूं नये म्हणून नळींत औषध घातलेलें असतें. नळी यंत्रांत वेगानें फिरविली म्हणजे तांबड्या पेशी तळाशीं बसतात व वर पिवळसर रक्तद्रव राहतो. त्यांत विद्रावक घालून प्रथिनें साक्यासारखीं खालीं बसवितात आणि वरील निवळ घेऊन ती लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रांत सोडतात. एका बारीक नळींतून जातांना निरनिराळीं द्रव्यें मागेंपुढें होऊन वेगळीं पडतात, व पुढील मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे रेणू फोडून, तुकड्यांच्या वजनांवरून, हें अमुकच द्रव्य असें ओळखतो. मोजमाप चालतें नॅनोग्रॅममध्यें. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम.

इतक्या सूक्ष्म वस्तूच्या तोलांत लबाडी नसतांही तूट येते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. टी. एच. सी. हें तेलासारखें द्रव्य आहे. तें पाण्यांत विरघळत नाहीं. प्लास्टिकच्या व कांचेच्या भिंतीस चिकटून बसतें. पायलीनें धान्य मोजतांना कांहीं दाणे पायलीसच चिकटावे, तशी ही गोष्ट. यावर शास्त्रज्ञांनीं एक उत्तम तोड काढली आहे. ज्याच्यांत साध्या हायड्रोजनच्या जागीं जड हायड्रोजन बसविला आहे असें टी. एच. सी. ते नमुन्यांत आरंभींच ठराविक प्रमाणांत मिसळतात. वागणुकीनें तें सख्ख्या भावाप्रमाणें, फक्त वजनानें किंचित् भारी. जितकें खरें द्रव्य वाटेंत गळेल तितकेंच हेंही गळतें, आणि शेवटीं खुणेचें किती उरलें यावरून खऱ्याचा हिशेब लागतो. याखेरीज ज्यांत द्रव्य मुळींच नाहीं असें रक्त, आणि ज्यांत ठाऊक प्रमाण घातलें आहे असें रक्त, हीं दोन्ही त्याच दिवशीं त्याच यंत्रांत तपासावीं लागतात. इ. स. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणें मापलेला आकडा खऱ्याच्या शेंकडा १५ च्या आंत, व अगदीं तळच्या प्रमाणास शेंकडा २० च्या आंत, यावा लागतो. आम्हांस हा नियम वाचून संतोष वाटला. ज्या शास्त्रानें आपली चूक किती असूं शकते हें आधींच लिहून ठेवलें, त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

परंतु यंत्र बरोबर असलें तरी आकडा फसवूं शकतो. त्याचीं कारणें चार.

पहिलें, काय तोललें? हें द्रव्य रक्तांतील प्रथिनांस धरून राहतें व तांबड्या पेशींत फारसें शिरत नाहीं. म्हणून एकाच नमुन्यांत रक्तद्रवाचा आकडा सबंध रक्ताच्या दीडपट ते दुप्पट येतो. ओल्या कणसांची व वाळल्या धान्याची जी गोष्ट, तीच ही.

दुसरें, कोणत्या वाटेनें दिलें? धूर हुंगविल्यास द्रव्य मिनिटांत रक्तांत चढतें आणि तितक्याच झपाट्यानें उतरतें. तोंडानें दिल्यास सावकाश चढतें, आणि यकृतांतून जातांना त्याचें ११-हायड्रॉक्सी हें दुसरें द्रव्य बनतें, जें स्वतःही अमली आहे. फक्त टी. एच. सी. मोजून हें दुसरें सोडलें तर अर्धाच हिशेब झाला.

तिसरें, केव्हां काढलें? टी. एच. सी. रक्त सोडून चरबींत जाऊन दडतें व तेथून कित्येक दिवस थोडें थोडें झिरपत राहतें. त्याचा शेवटला अवशेष कार्बॉक्सी रूपाचा. तो अमल करीत नाहीं, परंतु मागें बराच काळ सांपडतो. त्यावरून जनावराच्या पोटांत पूर्वीं भांग गेली होती एवढें सिद्ध होतें. आज तें अमलाखालीं आहे असें सिद्ध होत नाहीं.

चौथें, कोणाचें रक्त? उंदराची मादी नरापेक्षां ११-हायड्रॉक्सी अधिक बनविते. एकाच जातीच्या नर-मादींत हा भेद, तर उंदीर आणि चार कोठ्यांच्या पोटाची गाय यांच्यांत किती असेल! म्हणून उंदराच्या रक्ताचा आकडा वाटेची दिशा दाखवितो. गोठ्याचा निर्णय त्यावर करतां येत नाहीं. गोठ्याचा निर्णय गोठ्यांतल्या रक्तानें व दुधानेंच व्हावयाचा.

असें मापन इतर देशांनीं आरंभिलें आहे. जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं होल्स्टीन गाईंस भांगेचें मुरघास घातलें आणि त्यांचें रक्त, दूध व शेण तपासलें, निष्कर्ष इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झाले. पानें, फुलें व बिया यांचें अधिक द्रव्याचें मुरघास सुरू होतांच गाईंचा चारा व दूध घटलें, नाडी व श्वास मंदावले, त्या वारंवार जांभया देऊं लागल्या, लाळ गळूं लागली, कांहींची चाल डळमळली. दुधांत टी. एच. सी. किलोमागें ३१६ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळलें, आणि तो चारा बंद केल्यावरही कांहीं दिवस अंश येत राहिला. ओशॉनेसी यांच्या डोळ्यांस चरणाऱ्या जनावरांवर जो परिणाम अल्प दिसला, तो चारा बदलतांच असा प्रगट झाला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें मनुष्यास एका वेळीं वजनाच्या दर किलोमागें १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. १५ किलो वजनाच्या मुलास १५ मायक्रोग्रॅम. वरील कमाल आकड्याच्या दुधाचा पाव किलोचा एक पेला म्हणजे ७९ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या पांचपटीहून अधिक. वाचकहो, हा पेला कोणाच्या हातांत असतो हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरी बाजूही तितक्याच निःपक्षपातानें सांगितली पाहिजे. अमेरिकेंत कॅन्सास येथील विद्यापीठांत होल्स्टीन खोंडांस ज्या भांगेंत सी. बी. डी. चें आम्लरूप अधिक आहे अशी भांग घातली. रक्तांत तीं द्रव्यें आढळलीं, खोंड अधिक वेळ बसून राहूं लागले, आणि त्यांच्या रक्तांतील ताणाचीं चिन्हें कमी झालीं. हेंही इ. स. २०२२ मधीलच. तेथील कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनीं इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कालवडींस १११ दिवस खुराकाचा पांचवा हिस्सा भांगेच्या बियांची पेंड घातली. तींत मुळांतच द्रव्य अत्यल्प होतें. अवशेष सांपडले ते मुख्यत्वें चरबींत, आणि तेही फार थोडे. तात्पर्य, पेंड निराळी, पाला निराळा, फुलोरा निराळा. ‘भांगेचा चारा’ या एका शब्दांत तिन्ही कोंबून जो बोलतो, तो विकणारा असो वा विरोध करणारा, त्याचें म्हणणें ऐकूं नये.

कांहीं मित्र म्हणतात, “आमचे वडील बैलांस भांगेचा गोळा देत असत, तेव्हां कोठें यंत्र होतें?” खरें आहे. परंतु वडील औषध म्हणून एका आजारी बैलास एकदां देत, आणि तो बैल दूध देत नसे. रोज दोन वेळां गव्हाणींत टाकणें आणि डेअरीच्या कॅनमधून शंभर घरीं दूध पाठविणें, ही गोष्ट वेगळी. दुसरे म्हणतात कीं, मुक्या जिवांच्या अंगांतून रक्त काढणें क्रूरपणाचें. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्यासाठींच इ. स. १९६० च्या कायद्याखालीं अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. आणि खरें पाहतां, जितकें मापन अधिक अचूक तितकें रक्त कमी लागतें व तितके जीव कमी खर्चीं पडतात. न मोजतां साऱ्या गांवच्या गुरांस चारा घालून पाहणें हाही प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. इ. स. २०२१ मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें, इतर पिकांस भाव मिळत नाहीं म्हणून गांजा लावूं द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. त्यामागील हालअपेष्टा आम्हांस समजते. पण परवाना उद्यां मिळाला तरी पाल्याचें काय करावें हा प्रश्न दुसऱ्याच दिवशीं बांधावर उभा राहील, आणि तेव्हां मोजण्यास आरंभ करणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय. यास्तव आपल्या मंडळानें नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठास व राज्यांतील कृषि विद्यापीठांस आतांच लिहावें कीं, रीतसर परवानगी घेऊन, आपल्या देवणी, खिल्लार व गीर गाईंवर, पंढरपुरी म्हशींवर व उस्मानाबादी शेळ्यांवर हें मापन करा. होल्स्टीन गाईचा आकडा आमच्या म्हशीस लावूं नका. जो आकडा छापाल त्याच्याशेजारीं पांच रकाने भरा: कोणतें जनावर व नर कीं मादी, झाडाचा कोणता भाग व किती, किती वेळानें रक्त काढलें, रक्त तपासलें कीं रक्तद्रव, आणि कोणकोणतीं द्रव्यें मोजलीं. एक रकाना रिकामा असेल तर तो आकडा शेतकऱ्यापुढें आणूं नका.

तोंवर आमच्या बंधूंस दोनच गोष्टी सांगावयाच्या. परवान्यावांचून हें झाड लावूं नका. कोणीं ०·३ चें प्रमाणपत्र दाखविलें तरी आपल्या राज्यांत त्यानें तुरुंग टळत नाहीं, कारण कायदा झाड पाहतो, झाडांतील प्रमाण पाहत नाहीं. आणि ‘अमेरिकेंत उंदरांवर सिद्ध झालें आहे’ असें सांगून कोणी चारा, पूड वा तेल गुरांसाठीं विकूं लागला, तर त्यास हे पांच रकाने भरून मागा. आम्हीं एकदां न विचारतां आकडा नकलला, त्याचा भुर्दंड एका गांवानें सोसला. तसा प्रसंग आपल्या गोठ्यावर व आपल्या मुलांच्या पेल्यावर येऊं नये, इतकीच इच्छा धरून हा लेख पुरा करतों.